बॅनरवरच्या चार रिकाम्या जागा

ता. शहापूर, जि. ठाणे
मंगळवार, १ जुलै

सौ. रुपालीताईस,

नमस्कार. आधी झालेल्या गोष्टी क्रमाने देते. आत्याने तुला फोनवर सांगितल्या असतीलच, पण तुझ्या आईच्या सांगण्यात क्रम नसतो.

१. मी कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला प्रवेश घेते आहे.
२. त्याआधी गणिताचा सहा आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग आहे. चार गणितांपैकी एक निवडायचं. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार, १२ जुलै.
३. मी अजून गणित निवडलेलं नाही.
४. तरीही जूनमध्ये आपल्या नाक्यावर, 'कॅल्क्युलस या विषयात निवड झाल्याबद्दल' माझं हार्दिक अभिनंदन करणारा बॅनर लागला. बारा फूट बाय आठ फूट.
५. तीन दिवसांनी त्याच्या शेजारी, 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स या विषयात निवड झाल्याबद्दल' माझं हार्दिक अभिनंदन करणारा दुसरा बॅनर लागला. बारा फूट बाय नऊ फूट.
६. दोन्हींवर माझा फोटो एकच आहे. कंपनीच्या ओळखपत्रावरचा. केसांवर जाळी आहे.
७. वाल्मिककाका आणि हरेशमामा एकमेकांशी बोलत नाहीत.
८. दोघं एका बॅनरवर आल्याशिवाय मी कल्याणला जायचं नाही, असं अण्णांनी सांगितलं आहे.

इथपर्यंत वस्तुस्थिती. आता खुशाली. तुझी आणि दाजींची प्रकृती ठीक असेल असं धरून चालते. आत्याचा डावा गुडघा पूर्वीसारखाच आहे. उजवा आता डाव्याला साथ देतो. भातलावणी चालू असल्यामुळे घरात सगळ्यांच्या कंबरा एकाच वेळी दुखतात आणि कुणी कुणाची विचारपूस करत नाही. मी बरी आहे. मुरबाडच्या कंपनीत अजून मोजमापाच्या खोलीतच आहे. दिवसभर वॉशर मोजते. (वॉशरची जाडी दीड मिलिमीटर हवी. एखादा जाड निघतो, तो मी बाजूला काढते. हे काम मला आवडतं, कारण वॉशर उलटून बोलत नाही.) फोन न करता पत्र का लिहिते आहे, ते तुला माहीत आहे. दाजी हे पत्र वाचणार असतील, तर त्यांना ते ताजा कलमात कळेल.

सुरुवात अशी झाली. एका रविवारी मी कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन ओट्यावर बसले होते. चार गणितं अशी: कॅल्क्युलस, डिस्क्रीट, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी. पदवीत पुढे चारही येतात. प्रश्न फक्त आधी कोणतं घ्यायचं, एवढाच होता. (हे वाक्य मी त्यानंतर गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला सांगितलं आहे. परिणाम शून्य.) तेवढ्यात वाल्मिककाका फवारणीचा पंप न्यायला आले. काका सरपंच होते हे तुला सांगायला नकोच. बॅनरवर 'सरपंच' हा शब्द लांबून दिसतो आणि 'माजी' जवळ गेल्यावर. त्यांनी विचारलं, काय वाचतेस. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय आहे, त्यामुळे मी दिलं. म्हटलं, कॅल्क्युलस हे सलग बदलणाऱ्या गोष्टींचं गणित, जसं तानसाच्या तलावात पाणी कोणत्या वेगाने चढतं ते काढणं. आणि डिस्क्रीट हे सुट्या सुट्या गोष्टींचं. काका म्हणाले, तानसाचं पाणी मुंबईला जातं, ते कितीही वेगाने चढलं तरी आपल्याला त्याचं काय. पण सलग म्हटल्यावर त्यांचे डोळे जरा मोठे झाले. 'सलग म्हंजे मधी बांध नाय ना?' मी म्हटलं, नाही. 'मग तेच घे. तुकड्यांचं गणित आपल्या घरात कोनी केलं नाय. तुकडे वकिलानं केले.' (वाटणीच्या दाव्याबद्दल बोलत होते. तो एवढा चालला की निकाल लागला तेव्हा वादातलं आंब्याचं झाड पडून त्याचं सरपणही संपलं होतं.) मी म्हटलं, बघते. आपल्याकडे 'बघते' याचा अर्थ काय घेतला जातो, ते मला त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं. पंप घेऊन गेले, आणि चौथ्या दिवशी बॅनर.

मधल्या काळात इतर दोन गणितांचाही निकाल लागला. आत्याने प्रॉबॅबिलिटी म्हणजे काय विचारलं. मी सोपं उदाहरण दिलं: उद्या पाऊस पडण्याची शक्यता सत्तर टक्के. 'म्हंजे पडंल का नाय?' आत्या म्हणाली. म्हटलं, ते सांगता येत नाही. 'मग त्याला कल्यानला कशाला जातंस गो. सांगता तर आमाला बी येत नाय.' त्या दिवसापासून प्रॉबॅबिलिटी बाद झाली. लिनिअर अल्जेब्राला पिठाच्या गिरणीवाला पांडू काही काळ अनुकूल होता. त्यात आकडे रांगेने उभे असतात हे ऐकल्यावर तोही म्हणाला, रांगेत उभं राहायला रेशनचं दुकान आहे, त्याला पदवी कशाला.

काकांचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. आपल्या भागात बॅनर लागल्याशिवाय गोष्ट घडत नाही. कुणी दहावी पास होतो, कुणी ट्रॅक्टर घेतो, कुणाचा बैल शर्यतीत दुसरा येतो. नाक्यावर लागलं की झालं, नाही तर झालंच नाही. याची उलट बाजू मला माहीत नव्हती. न घडलेली गोष्टही बॅनरवर लागली की घडलेली धरतात. एसटीच्या कंडक्टरने उतरताना माझं अभिनंदन केलं. कंपनीत सुपरवायझरने राजीनामा कधी देतेस म्हणून विचारलं आणि माझ्या जागेसाठी दोन मुलींच्या मुलाखतीही घेतल्या. डोळखांबकडचं एक स्थळ येणार होतं, ते नाक्यापर्यंत येऊन परत गेलं. निवड झाली म्हणजे मुलगी ग्रामपंचायतीवर गेली, अशी त्यांची समजूत झाली आणि असली मुलगी घरात भात रांधणार नाही असं ते म्हणाल्याचं कळलं. (बॅनरचा आतापर्यंत झालेला हा एकमेव उपयोग.)

हरेशमामा कल्याणला राहतात, पण त्यांचं प्लॉटिंगचं ऑफिस आटगावला, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस ते आपल्या नाक्यावरून जातात. त्यांनी बॅनर पाहिला, गाडी थांबवली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. शुभेच्छुकांत त्यांचं नाव नव्हतं. सख्ख्या भाचीचं अभिनंदन आणि मामा गायब. मामा घरी आले, चहा घेतला नाही (हे आईने लगेच नोंदलं) आणि मला विचारलं, दुसरं कोणतं गणित होतं. मी पुन्हा उत्तर दिलं. सवय. मामा म्हणाले, 'सुट्यासुट्याचं ना? अरे, तेच तर चालतंय. सलग कोण घेतो आता? प्लॉट पाडल्याशिवाय गिऱ्हाईक गाडीतून खाली उतरत नाय.' त्यांच्या बॅनरवर माझ्या मागे त्यांच्या आटगावच्या प्लॉटिंगचा नकाशा आहे आणि खाली ऑफिसचा नंबर. त्यानंतर दोन माणसांनी मला गाठून विचारलं, डिस्क्रीटमध्ये पाण्याचं कनेक्शन आहे का.

दोन्ही बॅनर मी स्टीलच्या टेपने मोजले. मोजायची गरज नव्हती. पण लोक एवढं बोलत होते की कुणीतरी मोजणं बरं. काकांच्या बॅनरवर काकांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत अडुसष्ट सेंटिमीटर, माझा साठ. मामांच्या बॅनरवर मामांचा एकाहत्तर, माझा एकोणसाठ. आई दोन्हींवर आहे, दोन्हीकडे बावीस. हे आकडे मी कुणाला सांगितले नव्हते. पण टेप धरायला आत्या होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना कळलं की मामा तीन सेंटिमीटरने पुढे आहेत, आणि बोलणं तिथून बंद झालं.

अण्णांची अडचण तू समजू शकशील. कल्याणला मी मामांकडे राहणार. आठवड्यातले पाच दिवस मामांच्या घरी आणि इथे काकांशी वैर, म्हणजे भावाच्या नाकावर टिच्चून पोरीला मेव्हण्याकडे ठेवली असं होणार. अण्णा फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, 'दोगं एका बॅनरवं येव दे, मंग जा.' मी म्हटलं, आणि बारा तारखेपर्यंत आले नाहीत तर. ते बैलांना पाणी पाजायला उठले. म्हणजे, ताई, माझी पदवी आता माझ्या मार्कांवर अवलंबून नाही. ती एका फ्लेक्सच्या मांडणीवर अवलंबून आहे.

संयुक्त बॅनरसाठी समाजमंदिरात बैठक झाली. काका आणि मामा समोरासमोर बसले होते, पण बोलत होते अण्णांशी. 'अन्ना, त्यांना सांग, पोरगी आमच्या घरातली हाय.' 'अण्णा, त्यांना बोला, पोरगीची आई आमच्या घरातली आहे.' अण्णा दोन्ही वेळा मान हलवत. विषयाचं नाव काय छापायचं यावर पाऊण तास गेला, आणि मग जानकीबाईंनी सुचवलं की नुसतं 'गणित' छापा. ते दोघांनाही पटलं, कारण नुसतं गणित म्हणजे आपलंच, असं दोघांनाही वाटतं. मी कोणतं घेणार हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटलं.

घोडं अडलं फोटोंवर. शुभेच्छुक वीस ठरले, आणि वीस जणांत एकमेकांचं तोंड न बघणारे बरेच. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या शेजारी फोटो नको, वर नको, खाली नको, हे सगळ्यांनाच मान्य. पण कोपऱ्याला कोपरा लागला तर तो शेजार धरायचा की नाही? काका म्हणाले (अण्णांना), धरायचा. शेताच्या कोपऱ्यातूनच पाणी फुटतं आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. मामा म्हणाले (अण्णांना), नाही. प्लॉटला चतुःसीमा असतात, कोपऱ्याचा शेजारी कागदावर येत नाही. तास गेला. शेवटी शेतीवाले जास्त निघाले आणि कोपरा हा शेजार ठरला. त्यानंतर पांडूने दुसरा ठराव मांडला: प्रत्येक शुभेच्छुकाचा फोटो सरासरीपेक्षा मोठा असावा. मी उभी राहून सांगितलं की सगळे सरासरीपेक्षा मोठे असू शकत नाहीत. पांडू म्हणाला, तू अजून शिकायला गेली नाहीस. ठराव बहुमताने मंजूर झाला.

मी घरी येऊन विचार केला तेव्हा दिसलं की ठराव अमलात आणता येतो. बॅनरवर एक फोटो असा आहे जो शुभेच्छुकाचा नाही. तो पुरेसा लहान केला की सरासरी खाली येते आणि उरलेले सगळे तिच्या वर जातात. तो फोटो माझा. संयुक्त बॅनरवर मी मध्यभागी असेन आणि एसटीच्या तिकिटाएवढी असेन. साईनाथने (मुरबाडचा, फ्लेक्स तोच छापतो) भोवती झेंडूचा हार टाकतो म्हटलं आहे, म्हणजे जागा भरल्यासारखी दिसेल. मी होकार दिला. जाळी तरी दिसणार नाही.

शेजाराचा प्रश्न मात्र सुटेना. साईनाथची नेहमीची मांडणी सात आडवे, तीन उभे. वीस माणसं आणि मधोमध मी, बरोबर एकवीस. त्याने कॉम्प्युटरवर दुपारभर फोटो इकडून तिकडे सरकवले आणि मला फोन केला, 'मॅडम, एक बसवला की दोन उठतात.' मग मी कागदावर वीस ठिपके काढले. ज्यांचं जमत नाही त्या दोघांत एक रेषा. भांडणांची माहिती आत्याने दिली. तिला ती तोंडपाठ आहेत: बुधू आणि जैतू, ताडपत्रीवरून (बुधूने नेली, परत केली तेव्हा भोक होतं, जैतू म्हणतो भोक नवं आहे, बुधू म्हणतो जुनं). पांडू आणि जानकीबाई, कारण त्याने मिरचीच्या पाठोपाठ त्यांची नाचणी दळली आणि घरातली सगळी माणसं भाकरी खाऊन रडली. काही भांडणांत मूळ माणूस वारला होता, पण आत्याच्या मते ते मुलाला लागतं. सदतीस रेषा झाल्या. तो कागद मी डब्याच्या सुट्टीत मेघाला दाखवला. मेघा माझ्याबरोबर वॉशर मोजते. शहापूरला राहते आणि संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकते. ती शांतपणे म्हणाली की ठिपके आणि रेषा हे डिस्क्रीटचं एक सबंध प्रकरण आहे, आणि तू त्याच्या मध्यावर पोचली आहेस. म्हणजे मी कोणतं गणित निवडलं याचा बॅनर लावता यावा म्हणून मी न निवडलेलं गणित शिकत होते. हे मी काकांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हे शेजाऱ्यांचं गणित आहे.

मेघाने प्रोग्राम लिहून पाहिला. सात गुणिले तीनमध्ये उत्तर नाही. सगळ्या मांडण्या तपासून मग 'नाही' म्हणणं किती निवांत असतं ते मला प्रथमच कळलं. पाच गुणिले पाच केलं तर उत्तर आहे. मी मध्ये, माझ्या चार कोपऱ्यांवर आई, अण्णा, काका आणि मामा (काका वायव्येला, मामा आग्नेयेला, मध्ये मी, एकमेकांना कुठूनच लागत नाहीत), कडेने उरलेले सोळा. आणि माझ्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागा उरतात. त्या चार जागांवर असं कुणीतरी हवं, ज्याचं गावात कुणाशीच वाकडं नाही.

साईनाथने फुलांची कुंडी सुचवली. काका म्हणाले, कुंडी शुभेच्छुक कशी. जागा मोकळी सोडू म्हटलं, तर आई म्हणाली, मोकळी दिसली की लोक विचारतील कुणाला काढलं, आणि मग ज्याला काढलेलंच नाही तो रुसेल. एखादं बाळ लावावं, तर बाळाला आईबाप असतात आणि त्यांच्या रेषा असतात. मी ठिपके पुन्हा तपासले. वीस जणांपैकी एकाचंही ज्याच्याशी भांडण नाही असा माणूस आपल्या सगळ्या गोतात एकच निघाला. तू. तू सणाला येतेस, तीन दिवस राहतेस, सगळ्यांच्या घरी चहा घेतेस आणि भांडण सुरू व्हायच्या आत नाशिकला जातेस. कुटुंबाच्या ग्रुपवर प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक टाकणारीही तू एकटीच. काकांना तू मान्य आहेस (भाची), मामांनाही (त्यांच्या प्लॉटिंगची वेबसाइट तू दुरुस्त करून दिलीस).

तेव्हा विनंती अशी: तुझे चार फोटो पाठव. चारही वेगळे असावेत, नाही तर लोकांना छपाईची चूक वाटेल. एक चष्म्यातला, एक बिनचष्म्याचा, एक साडीतला, एक कॉलेजात फळ्यापुढे उभी असलेली. या चार जागा कोपऱ्यांतून एकमेकींना लागतात. तुझं स्वतःशी बरं आहे असं मी गृहीत धरलं आहे. नसेल तर तसं कळव, मांडणी बदलावी लागेल. फोटो साईनाथच्या नंबरवर टाक, तो पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तो शुक्रवारी, ११ तारखेला, छापणार आहे. शनिवारी सकाळी बॅनर लागला की अण्णा सही करतील आणि मी दुपारच्या आत कल्याणला फॉर्म देईन.

दाजींना नमस्कार सांग. काकांचा, मामांचा, अण्णांचा आणि आईचा आशीर्वाद आहे, चौघांनी वेगवेगळा कळवला आहे.

नम्रता

ता. क. १: दाजींसाठी. दोन वर्षांपूर्वी तुमच्या हळदीला डीजेवाल्याचा माइक रुपालीताईच्या हातात होता. एका गाण्यानंतर ती त्यावर म्हणाली की आमची नम्रता कॅल्क्युलसला घाबरली म्हणून डिप्लोमावर थांबली, नाही तर ती माझ्यापेक्षा हुशार आहे. वाक्याच्या दुसऱ्या भागाच्या वेळी डीजे पुन्हा सुरू झाला होता. पहिला भाग तीन वाड्यांपर्यंत ऐकू गेला. मी तिचा नंबर त्या दिवशी ब्लॉक केला. म्हणून पत्र.

ता. क. २: याचा मांडणीवर परिणाम होतो. ठिपके मी पहिल्यांदा काढले तेव्हा मी स्वतःला धरलंच नव्हतं. काल आत्या तांदूळ निवडत होती, कागदाकडे न बघता म्हणाली, 'रुपालीची एक रेघ ऱ्हायली गो. तुज्याकडं जाती ती.' तपासलं. बरोबर आहे. तुझ्या ठिपक्याला गावात एकच रेषा आहे आणि ती माझ्या ठिपक्यापर्यंत येते. तुझ्या चारही जागा मला लागून आहेत. म्हणजे ही रेषा आहे तोपर्यंत हेही उत्तर चुकीचं. माझ्या बाजूने ती काढली आहे. (नंबर सुरू केला आहे. तरी पत्रच लिहिलं, कारण फोनवर मला एवढं बोलता आलं नसतं.)

ता. क. ३: गणित निवडलं. डिस्क्रीट बॅनरपायी बरंचसं होऊन गेलं, त्यासाठी सहा आठवडे घालवणं बरोबर नाही. जे येत नाही तेच आधी घ्यायला हवं. फॉर्मवर मी कॅल्क्युलस लिहिणार आहे. काकांना हे कळलं तर मामांचं काय करायचं ते बघू. बॅनरवर 'गणित' एवढंच आहे. तू माइकवर म्हणालीस ते तेव्हा बरोबर होतं की नाही, हा प्रश्न नव्हता. आता विचारते आहे ते हे: तू नाशिकला हाच विषय शिकवतेस. रविवारी सकाळी एक तास फोनवर मला शिकवशील का? पहिल्या पानापासून. वेग म्हणजे काय, इथूनच. तानसाचं पाणी मी काकांना समजावलं ते एका वाक्यापुरतं होतं. दुसरं वाक्य मला येत नाही.

ता. क. ४: पाकीट बंद करण्याआधी, गुरुवार, ३ जुलै. काल आटगावला बुधू आणि जैतू एका टपरीवर एका बशीतून चहा पिताना दिसले. चौकशी केली. त्यांचं ताडपत्रीचं भांडण आखातीजेलाच मिटलं आहे. मग आत्याने दिलेली सगळी भांडणं तपासली, जे मी आधीच करायला हवं होतं. कंपनीत आलेला माल मी न मोजता कधीच आत घेत नाही. सदतीसपैकी तीन खोटी आहेत. पहिलं हे. दुसरं, शुभेच्छुकांतल्याच रत्नप्रभाकाकू आणि जानकीबाईंचं. त्या काल एका शेतात ओवीचा एकेक तुकडा म्हणत लावणी करत होत्या. तिसरं आत्याचं स्वतःचं, मामांशी. या तीन रेषा काढून मेघाने पुन्हा प्रोग्राम चालवला. सात गुणिले तीनमध्ये उत्तर आहे. वीस माणसं, मी मध्ये, एकही जागा रिकामी राहत नाही. आत्याला विचारलं, तर म्हणाली, आपल्याला आकडेमोडीतलं काय कळतं, आणि गुडघा चोळत बसली.

म्हणजे तुझ्या फोटोंची गरज उरलेली नाही. साईनाथला मी पाच गुणिले पाचच सांगितलं आहे. चार फोटो पाठव, आणि रविवारचं हो किंवा नाही, गुरुवार, १० जुलैपर्यंत कळव.